पिशवीत काय भरायचं

मनकर्णाबाईंनी तिसरी पिशवीही उसवली आणि आतला लाकडाचा भुसा माळावरच्या वाऱ्यात मोकळा सोडला. रायफल टेकवली की भुशाची पिशवी दबून चपटी व्हायची. त्याआधी वाळू भरून झाली होती. ती दगडासारखी घट्ट, बार निघाला की रायफल टुणकन वर. साळीचा तूस भरला, तर तो शिवणीतून गळत राहिला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," नानासाहेब हवालदार मिशीत हसत म्हणाले.

नानासाहेब फौजेतून निवृत्त झालेले. आता ते औरंगाबादच्या होमगार्डच्या नव्या तुकडीला रायफल शिकवत होते. चीनची लढाई नुकतीच होऊन गेली होती आणि पुरुषांच्या जोडीला बायकांनाही तुकडीत घेतलं होतं. घेतलं होतं म्हणजे, नावं लिहून घेतली होती. आज परीक्षा होती. ज्याच्या गोळ्या समोरच्या फळीवर लागतील त्याला पहाऱ्यासाठी रायफल मिळणार. बाकीच्यांनी जखमींना पट्ट्या बांधायला शिकायचं. पुरुषांनी नुसती कोपरं जमिनीला टेकून गोळी झाडायची. बायकांना मात्र रायफलखाली पिशवीचा आधार. हा नियम नानासाहेबांनी दयेपोटी केला होता, आणि दयेला नाही म्हणणं मोठं जड जातं. बायकांनी तो निमूट मानला. पिशवीत काय भरायचं, तेवढं ठरवायचं काम मनकर्णाबाईंकडे आलं.

मनकर्णाबाईंना रायफल हवीच होती. का हवी, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, घरात लाटणं आहे की. नवरा म्हणाला, चार दिवसांची हौस, फिटू दे. त्यांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि दर रविवारी छावणीपलीकडच्या माळावर येऊन पोटावर पडत राहिल्या. रायफलच्या दणक्यानं खांदा काळानिळा पडला, तेव्हा घरात सांगितलं की दार लागलं.

"आता म्हायेरचंच काढते," त्या म्हणाल्या आणि टांग्यातून आणलेलं पोतं ओढत आल्या. माहेर सिल्लोडचं, वडिलांची कापसाची अडत. पोत्यात सरकी होती.

पिशवी शिवायला कमरुन्निसा होतीच. ती पिंजाऱ्याची लेक, शहरात गाद्या शिवून घर चालवणारी, आणि तुकडीतली एकटीच मुसलमान बाई. तिनं सरकी ठासून भरली, दाभणानं तोंड शिवलं आणि पिशवीवर थाप मारली.

"अब इसमें खोट नक्को निकालो, बाई."

खोट निघालीच नाही. सरकीत रायफल अशी बसली, जणू तिची जागा तीच होती. नानासाहेबांनी स्वतः एक गोळी झाडून पाहिली. फळीच्या मधोमध भोक पडलं. "ह्या पिशवीवरून तर माझी आई बी नेम मारंल," ते म्हणाले. सगळ्या हसल्या. कमरुन्निसानं लगोलग बाकीच्या पिशव्याही भरल्या, एक स्वतःसाठी ठेवली. पुरुषांची पाळी संपली होती. बायकांत पहिलं नाव मनकर्णाबाईंचं होतं.

त्या आडव्या झाल्या. रायफल पिशवीवर टेकवली. गाल लाकडाला लावला, आणि सरकीचा तेलकट वास नाकात शिरला.

त्यांचा श्वास आपोआप बारीक झाला. अंग आक्रसलं. समोरची फळी स्पष्ट दिसत होती, फक्त बोट दाबायचा अवकाश होता. रायफल त्यांचीच होती, जवळजवळ हातात आलेली. मग त्यांनी रायफलखालची पिशवी ओढून काढली आणि बाजूला लोटून दिली.

"आता काय झालं?" नानासाहेब वैतागले. "सरकीला काय धाड भरली?"

"सरकी चांगलीच हाय, साहेब. मला पिशवीच नको."

"बाई, पिशवीबिगर नेम चुकला तर रायफल नाय मिळायची. पट्ट्या बांधत बसावं लागंल."

"चुकू द्या." मनकर्णाबाईंचा आवाज चढला. आजवर घरातही तो कधी एवढा चढला नव्हता. "निजामाचे रजाकार आले तवा बापानं मला सरकीच्या पोत्यांमागं दडवलं व्हतं. म्हणला, श्वास बी मोठा घिऊ नको. लई बसले पोत्याआड. आता जे व्हईल ते उघड्यावर."

एकेकीची नजर कमरुन्निसाकडे वळली.

मनकर्णाबाईंच्या तेव्हा ध्यानात आलं. रजाकार हा शब्द त्यांनी कुणासमोर उच्चारला होता! त्या काही कमरुन्निसाला बोलल्या नव्हत्या. तिच्या मांडीला मांडी लावून त्यांनी इतके रविवार शिदोरी खाल्ली होती. पण शब्द गेला होता. त्यांना स्वतःचा राग आला, कमरुन्निसाची भीती वाटली, आणि मान वळवून तिच्याकडे पाहायचं धाडस होईना.

कमरुन्निसा उठली. स्वतःच्या हातांनी शिवलेली आपली पिशवी तिनं उचलली आणि मनकर्णाबाईंच्या पिशवीवर नेऊन टाकली.

"आता तुझं काय?" नानासाहेबांनी विचारलं. "तुझ्या पिशवीत काय वाईट हाय?"

"वाईट कुच नै, साहेब." तिनं पदर कमरेला खोचला, मनकर्णाबाईंच्या शेजारी आडवी झाली आणि उघड्या जमिनीवर कोपरं टेकली. "रजाकारां आए तब ये सरकी के पिच्छे थी. पुलिस ॲक्शन हुआ, हमारे मोहल्ले पे लोगां आए, तब मैं रुई के पिच्छे थी."