उलटा घागरा

महाराजांच्या दालनातून सकाळी तरुण दासी दल्ले बाहेर पडली ती घागरा उलटा घालून, शिवण बाहेर. महाराजांची मर्जी झालेल्या दासीने असंच यायचं. मग महालाला वेगळं सांगावं लागत नाही.

थोरल्या दासीने, सुन्दोकने, तिला दंडाला धरून खोलीत ओढलं. "आधी सुलटा कर तो!"

"का? पोटात दुखतंय होय तुझ्या?"

"अगं बये, याआधीच्या दोघींना राणीसाहेबांनी काढा पाठवला. दुसरा दिवस दिसला नाही त्यांना."

दल्लेने गाठ ओढली, ती आणखीच आवळली. सुन्दोकने ती दातांनी सोडवली, घागरा सुलटा करून तिला गुंडाळला, आणि मग घाईघाईने स्वतःच्या घागऱ्याला हात घातला.

राणीच्या बायका दारात आल्या. पुढचीच्या हातात वाफाळती वाटी.

"उलटा घागरा इकडेच वळला. महाराजांची मर्जी झालेली कोण गं तुमच्यातली?"

"मी," सुन्दोक पुढे झाली. तिच्या घागऱ्याची शिवण बाहेर होती.

बायका फिदीफिदी हसल्या. "तू? ह्या वयात?"

सुन्दोकने वाटी घेतली. ती खोटं बोलली नव्हती. बावीस वर्षांपूर्वी त्याच दालनातून निघताना, जिवाच्या भीतीने, तिने घागरा सुलटा घातला होता एवढंच.