काचेपलीकडची नोकरी

उंच इमारतींच्या काचा दोराला लटकून पुसणाऱ्या मामांचं काम सुटलं, तेव्हा भाचीने मोबाइलमध्ये नोकरी शोधायचं ॲप टाकून दिलं. "पसंत पडलेली जागा बोटाने उजवीकडे सरकवली, की अर्ज गेलाच समजा," तिने बजावलं. मामांना मात्र जागांआधी मोबाइलच्या काचेवरचे बोटांचे डाग दिसले. जित्याची खोड! अंगठा डावीकडून उजवीकडे फिरत राहिला, डाग काही हटेनात. दुसऱ्या दिवशी फोनवर फोन! "दातांच्या डॉक्टरांच्या जागेसाठी तुम्हीच ना?" "नाच शिकवायला कधी येताय?" मामा चक्रावले. "अहो, मी नुसती काच पुसली!" शेवटी एक बाई म्हणाल्या, "निळ्या काचांच्या इमारतीतून बोलतेय. शिपाई हवाय. आमचं ऑफिस पाहिलंय?" "रोज पाहायचो. खिडकीतला पिवळा कप तुमचाच का?" बाई हसल्या. "माझाच. या उद्या." मामा चाचरले. "येतो ताई, पण दार कुठल्या बाजूला आहे?"