पूजेची होडी

सरकारी लाँच ओहोटीच्या गाळात रुतली होती आणि पूजेचा मुहूर्त टळत चालला होता. समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या जागेवर नारळ वाहायला निघालेले साहेब शेवटी कोळीण चांगुणाच्या मासेमारीच्या छोट्या होडीपाशी आले.

"मावशी, तेवढं तिथवर सोडा. सरकारचं नवं धोरण आपल्याच कोळीवाड्यापासून सुरू होतंय."

नारळ वाहायला निघालेल्या माणसाला इथे कुणी नाही म्हणत नाही. चांगुणाने वल्हं उचललंही. मग तिची नजर साहेबांच्याच माणसांनी काल धक्क्यावर ठोकलेल्या पाटीवर गेली: 'पवनचक्की क्षेत्र. मासेमारी होड्यांना मनाई.'

तिने वल्हं खाली ठेवलं. साहेबांच्या हातातला नारळ घेतला, कपाळाला लावला आणि पाण्यात सोडला.

"दर्याला नारळ इथूनही पोचतो, सायब. तुम्हाला पोचायचं असेल, तर आधी ती पाटी उपटा."