मोकळीढाकळी भाषा

तिचे वडील गेले, तेव्हा परदेशातल्या बड्या साहेबांचा मेसेज आला, 'टफ लक.' पुढे वर केलेला अंगठा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मॅनेजरने समजूत घातली, "अगं, त्यांची भाषाच तशी मोकळीढाकळी. आपुलकीनंच म्हणतात ते." तिने राग गिळला.

पुढे साहेबांचा कुत्रा मेला. तिने आपुलकीनं तेच शब्द पाठवले, अंगठ्यासकट.

मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून तिला फैलावर घेतलं. "जनाची नाही, मनाची तरी ठेवायचीस. साहेब केवढे दुखावलेत. 'टफ लक' मॅच हरलेल्याला म्हणतात. घरातलं माणूस गेल्यावर असं म्हणतं का कुणी?"

"कुणाच्या घरातलं, सर?" तिने विचारलं.