मामाजींचं चित्र

सिंदीच्या सांस्कृतिक भवनात दर महिन्याला गावातल्याच एखाद्या कलावंताची चित्रं लागत. एक्क्याऐंशीच्या फेब्रुवारीत पाळी आली भाजीच्या वाडीत राबणाऱ्या धुरपताची. तिनं आई काढली होती, नणंद काढली होती, बाजारात वांगी विकणाऱ्या बायका काढल्या होत्या. एकेक चेहरा बोलका. सासरे वासुदेवराव यांच्या चित्राखाली मात्र ‘मामाजी’ लिहिलेलं आणि चित्रात बाजेचा पाय, धोतराचा काठ अन् भेगाळलेली दोन पावलं, एवढंच.

भवनाचे चिटणीस बंडूजी चिडले. "बाई, सासऱ्याचा चेहरा काऊन नाई काढला? वासुदेवरावले काय वाटन?"

"लग्न होऊन चौदा वर्सं झाली, भाऊजी. मामाजीसमोर कधी मान वर केलीच नाई. जेवढं दिसलं तेवढं काढलं."

मागं कुणीतरी खाकरलं. धुरपता वळली. समोर तीच दोन पावलं होती. तिनं पटकन पदर पुढं ओढला.

वासुदेवराव चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मग बंडूजींची खुर्ची ओढून सुनेसमोर बसले. डोक्यावरची टोपी नीट केली.

"मान वर कर, सूनबाई. माहं चित्र अधुरं राह्यलं."