‘दिलं’ म्हटल्याशिवाय

तिसऱ्या चोरीनंतर कोर्टाने केरबाच्या दोन्ही मनगटांत पट्टे बसवले होते. दुसऱ्याच्या कशालाही हात लागला की बोटं बधिर व्हायची, आणि मालकाने तोंडाने ‘दिलं’ म्हटल्याशिवाय जाग यायची नाही.

बाळंतिणींच्या वॉर्डात टीव्हीवर वाद पेटला होता. “चोऱ्या निम्म्या झाल्या ना? मग आता खांद्यापर्यंत बधिर करा!”

केरबाने पाळण्यात हात घातला आणि बोटं मेली. लेकीची नोंद अजून आईच्याच नावावर होती.

“‘दिलं’ म्हण गं, सुजाता,” तो कासावीस होऊन म्हणाला.

“मुळीच नाही! तुमचंच बाळ, देणारी मी कोण?” बायकोने बाळ उचलून त्याच्या हातांवर ठेवलं.

बाळाने त्याचं बोट घट्ट धरलं. केरबाला ते नुसतं दिसलं.