जिना उतरताना

पोरीच्या गुडघ्याची वाटी पहिल्यांदा सरकली, तेव्हाच डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात आणखी कुणाचा गुडघा असा आहे का? हे घराण्यातून आलेलं असेल, तर उंच उडी आत्ताच थांबवावी लागेल."

पोरीनं घाबरून आईकडे पाहिलं. पण आई ठसक्यात म्हणाली, "छे हो! आमच्याकडे सगळ्यांचे गुडघे लोखंडाचे." पोरीचा जीव भांड्यात पडला आणि पट्टा बांधून ती पुन्हा मैदानात उतरली.

वाटी पुन्हा सरकली, मग सरकतच राहिली, आणि दर वेळी तिच्याखालची कूर्चेची मऊ गादी खरवडून गेली. "ही काही परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. "उडी विसर. निदान धड चालता येईल एवढं बघू."

फिजिओथेरपीच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी तिला जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं केलं. आई खाली बाकावर बसली होती.

"दुखरा पाय आधी टाकायचा. कठडा धरून, जरा तिरकं होऊन. घाई नको, जमायला वेळ लागतो..." मॅडमचं सांगून होईपर्यंत पोर अर्धा जिना उतरलीसुद्धा.

"अगं, अगदी बरोबर! कुणी शिकवलं तुला?"

"त्यात शिकवायचं काय, मॅडम? आमची आई अशीच उतरते. मी लहान होते तेव्हापासून..."

बोलता बोलता तिनं मान वळवली. खाली बाकावर आई दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा झाकत होती.